चव गेली त्या हिवाळ्यात

यंदा थंडी उशिरा पडली, पण पडली ती चांगलीच. सकाळी नळाखाली हात धरवत नाही. आमच्या परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, त्याला आमचा उन्हाळा तेवढा ऐकून ठाऊक. कृषी विद्यापीठाच्या शेतांवरून येणारं वारं गच्चीत अंगाला झोंबलं की मी आत येते, स्वेटर चढवते, चहा टाकते. शेजारणींना थंडी आली की हुरडा आठवतो, तीळ आठवतात. मला मडकी आठवतात. धुरावर धरून काळी केलेली, गळ्याला काथ्या बांधलेली, अंगणात उलटी घालून ठेवलेली मडकी.

आमचं शिंदीचं दुकान होतं. हे वाक्य मी परभणीत फारसं बोलत नाही. लेकीचं लग्न जमवताना 'शेती आणि किरकोळ व्यापार' असं सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त काय विकत होतो ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जावयाला पुढं कळलं, तेव्हा तो नाराज व्हायचं सोडून खूशच झाला.

तोच जावई या महिन्यात पुण्याहून आला तो लॅपटॉप काखेत मारून. बँकेत चांगल्या जागेवर आहे. आता दोघा मित्रांना घेऊन बियरचा छोटा कारखाना काढायचं त्याच्या डोक्यात आहे. मोठ्या कंपनीसारखी नव्हे म्हणे, थोडी थोडी करायची, दर घाण्याची चव निराळी. भांडवल किती, पहिल्या वर्षी दुकानं किती, तिसऱ्या वर्षी किती, सगळं रंगीत चित्रांत मांडलेलं. सगळे बाण वर जाणारे. "आई, तुम्ही हा धंदा केलाय. यात काय राहिलंय ते सांगा," म्हणाला.

मी विचारलं, "चाखणार कोण?"

"त्याला मशीन असतं आई."

"मग बरं आहे," मी म्हटलं. मशीनचा नवरा मरत नाही, हे मनात म्हटलं. लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि पोहे आणायला आत गेली. जावयाला मी एवढंच सांगितलं की आम्हीही एका हंगामात एकाची दोन दुकानं केली होती आणि त्यातलं एक मिटवलं. त्यानं 'का' म्हणून विचारलं. मी म्हटलं, माल पुरेना. ते त्याला पटलं. तसं त्याच्या चित्रांत बसण्यासारखंच होतं ते.

गाव आमचं चुडाव्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेवर. ओढ्याकाठानं शिंदीची झाडं, दाट, अंगावर काटे घेऊन उभी. सरकारात पैसे भरून ती झाडं वर्षाच्या बोलीनं घ्यायची, त्याला गुत्ता म्हणत. निजामाच्या वेळचा शब्द, तो राहिला. झाडावर चढून शेंड्याखाली चीर देणारा, संध्याकाळी मडकं बांधणारा आणि पहाटे उतरवणारा मल्लय्या तेलंगणातला. दरसाल दसऱ्यानंतर यायचा, होळीनंतर परत जायचा. दुकान माझ्या नवऱ्याचं. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आता म्हातारपणी घेते. दिगंबर. दुकान हातात आल्यावर यांनी पहिलं काम केलं ते सगळ्यांचे पेले एक केले. नामांतराच्या गडबडीची वर्षं ती. खालच्या आळीतल्या माणसाला वेगळा पेला ठेवायचा नाही म्हटल्यावर काही गिऱ्हाईक तुटलं, ते कायमचं तुटलं. यांना त्याचं काही वाटलं नाही. "शिंदी काय जात इचारून आंबती का?" एवढंच म्हणाले.

शिंदीचं असं असतं की दोन झाडांची चव कधी एक नसते. एक मडकं साखरेसारखं, दुसरं तुरट, तिसरं रात्रीतच आंबलेलं. पहाटे ती सगळी अंगणात आली की एकेकातली पळीभर चाखायची आणि कोणतं किती रांजणात ओतायचं ते ठरवायचं. याला मेळ घालणं म्हणायचे. मेळ बसला तर दुकान चाललं, नाही बसला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करून उठलं. हे चाखून थुंकायचे. पळीभराच्या पुढं घोट कधी पोटात गेला नाही. कधीमधी मल्लय्याच्या खांद्यावरून उतरलेलं ताजं गोड मडकं दिसलं तर तांब्याभर माझ्यासाठी आत पाठवायचे. "न आंबलेली हाय, सरबत समजून पी," म्हणायचे. त्या तांब्याची मी पहाटेपासून वाट बघायची, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

भाद्रपदात कावीळ झाली आणि गेले. गाव म्हणालं, पिऊन गेला. शिंदीवाल्याला कावीळ झाली म्हटल्यावर दुसरं कोण काय म्हणणार.

तेराव्याच्या पंगतीनंतर सासूबाईंनी बळेबळे मला जेवायला बसवलं. मी घास घेतला आणि तोंडात माती घातल्यासारखं झालं. वरण, भात, लोणचं, सगळं एकच. मला वाटलं, रडून रडून असं झालं असेल. मग आठवलं, मी रडलेच नव्हते. बायका गळ्यात पडून रडत होत्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. महिना गेला, दोन महिने गेले, चव काही परत आली नाही. मीठ किती पडलं ते कळायचं नाही, भाजी कधी आळणी, कधी खारट. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही न बोलता खायच्या. दु:खात बाईचा हात असाच पडतो, असं त्यांना वाटत असणार.

मी कोणाला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. गुत्त्याचं वर्ष पुरं व्हायचं होतं. आत्याबाईंनी चार माणसांत शब्द टाकला होता, दुकान सून चालवील. माझे धाकटे दीर, केशव भाऊजी, नांदेडला कॉमर्स शिकून आलेले, त्यांनाही दुकान हवंच होतं. ते तेव्हा एवढंच म्हणाले, "चालवू द्या की. पर चाखनार कोन?" तेव्हा मी मान वर न करता म्हटलं होतं, "मी चाखीन. यांनी मला शिकवलंय." यांनी काही शिकवलं नव्हतं. पण माझ्या जिभेला चव नाही म्हटलं असतं, तर दुकान भाऊजींकडं गेलं असतं आणि मी पोरीला कडेवर घेऊन भावाच्या दारात. भावजयीनं दिवसकार्याला आल्या आल्या विचारलं होतं, आता कसं करायचं ठरवलंय म्हणून. त्या विचारण्याचा अर्थ मला चांगला कळला होता.

म्हणून तो हिवाळाभर मी खोटं चाखलं. पहाटे थंडीनं बोटं वाकत नसत. मल्लय्या कावड उतरवायचा, मी पळी भरायची, तोंडात घोळवायची, डोळे जरा मिटायची, थुंकायची. तोंडात नुसता गार ओलावा. फेस किती धरलाय ते बघायची, गांधीलमाश्या कोणत्या मडक्यावर जास्त बसल्यात ते बघायची, आणि सगळ्यात जास्त मल्लय्याचं तोंड बघायची. मी बोट केलेल्या मडक्याकडं त्यानं भुवई उचलली की मी दुसऱ्याकडं बोट करायची. मग दुकान उघडून पहिल्या गिऱ्हाइकाला यांच्याच शब्दांत सांगायची, "आज मेळ चांगला बसलाय." लोक प्यायचे, मान हलवायचे. मला भीतीही वाटायची नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटायचं नाही. कोणी तेव्हा येऊन दुकान जळालं म्हणून सांगितलं असतं, तरी मी विचारलं असतं, मडकी बाहेर काढली का.

पोर अंगणात पडली, कपाळाला खोक पडली. मी हळद दाबली, पट्टी बांधली, खाली ठेवली. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग आपसूक रडायची थांबली. आत्याबाई म्हणाल्या, "एकदा रडून घे गं बाई. पोरीला भ्या वाटायलंय तुझं." मी हो म्हटलं आणि पाणी तापवायला गेले. आज हे लिहिताना मला त्या पोरीची कीव येते. तेव्हा तीही आली नाही.

शिंदीच्या धंद्यातली गोम अशी की ऐन थंडीत झाड भरभरून देतं आणि तेव्हाच प्यायला माणूस नसतो. आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला निघायची, कोणी गंगाखेडकडं, कोणी त्याच्याही पुढं. गाड्या भरून जायच्या आणि गाव मोकळं पडायचं. ती परत येईपर्यंत उन्हाळा लागायचा, घसा कोरडा पडायचा आणि झाड आटलेलं असायचं. बरं, माल ठेवून द्यावा म्हटलं तर सकाळची गोड दुपारी आंबट आणि संध्याकाळी शिरका. त्यात बंदचे दिवस. नामांतराची बाजू घेणारे बंद करायचे, विरोध करणारेही करायचे, गाड्या थांबायच्या, माणसं घराबाहेर पडायची नाहीत. झाडाला बंद कळत नाही. मडकं भरायचं ते भरायचंच, आणि आम्ही ते ओढ्यात ओतायचो.

पौषात एका सकाळी भाऊजी ओसरीवर येऊन बसले. हातात कागद नव्हता, सगळं डोक्यात होतं. "वैनी, माल हाय तवा गिऱ्हाईक न्हाई, अन गिऱ्हाईक येतंय तवा झाड आटतंय. ह्याला धंदा म्हनत न्हाईत, नशीब म्हनतेत. गिऱ्हाईक दारात येईना तर आपन त्याच्या दारात जावं. चुडाव्याच्या ठेसनावर गाडी थांबती, ग्यांगमन हायत, हमाल हायत, बाजारची मानसं हायत. तितं एक दुकान टाकू. परवान्याचं मी बघतो."

हे चुकीचं नव्हतं. आजही जावयाच्या चित्रांत ते वाक्य शोभलं असतं. पण दोन दुकानांना माल आणायचा कुठून? शिंदीचं झाड यंदा कापलं की पुढल्या साली आराम द्यायचा, हा रिवाज. निम्मी झाडं कापायची, निम्मी मोकळी ठेवायची. भाऊजींचा डोळा त्या मोकळ्या झाडांवर होता. मल्लय्याचाही होता, त्याला मडक्यामागं मजुरी मिळायची आणि त्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं. "अम्मा, लागोपाठ दोन साल कापलं तर काय लगेच मरतंय का झाड? मेलं तर एखादं मरतंय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आरामातल्या झाडाला हात लावायचा नाही. बाकी तुमी बघा."

यात शहाणपण नव्हतं. यांनी पाळलेला रिवाज मोडू नये म्हणूनही म्हटलं नाही. मला नवीन काही नकोच होतं. नवीन झाडं म्हणजे पहाटे आणखी मडकी, आणखी खोटं चाखणं. पण गावात बोलबाला झाला. "बाई लय धोरणी हाय. इकडची काडी तिकडं होऊ देईना." आत्याबाईंच्या बहिणीनं तर माझी दृष्ट काढली. माणसाला काही नको झालं की लोक त्याला हिशेबी म्हणतात, हे मी तेव्हा शिकले. पुढं आयुष्यात अनेक हिशेबी माणसं भेटली. त्यांतल्या काहींचं आतून काय झालं असेल, असं मला उगीच वाटत राहतं.

चुडाव्याचं दुकान उघडलं आणि चाललं. आराम दिलेली झाडं तशीच उभी राहिली. भाऊजी सायकलला डबे बांधून सकाळीच निघायचे, दुपारी शीळ वाजवत परत यायचे. आमच्या दुकानातही रांजण काही रिकामा दिसायचा नाही. एवढ्याच झाडांत दोन्हीकडं कसं पुरतंय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मल्लय्या आता पहाटे माझ्याकडं बघायचा नाही, लिंबाच्या झाडाकडं बघत उभा राहायचा. मला वाटलं, त्याला घर आठवत असेल.

मागल्या वर्षी रेल्वेनं चुडाव्यावरून गेले. गाडी जरा थांबली. फलाटावर एक बाई वाटाण्याच्या शेंगा विकत होती, थंडीनं पदर डोक्यावरून गच्च ओढलेला. दुकान कुठं होतं ते मला ओळखू आलं नाही. आलं असतं तरी काय झालं असतं म्हणा.

फाल्गुन लागला, थंडीचा जोर मोडला. त्या सकाळी भाऊजी आत न्याहारी करत होते. मी अंगणातल्या रांजणातून पळी भरली, घोळवली, थुंकायला वळले आणि थांबले. गोड लागलं. आधी तर कळेना, हे काय होतंय. गोड, मग त्याच्या मागून कडवट, आणि त्याच्याही मागं काही नाही, नुसतं पाणी. मी पळी टाकून स्वयंपाकघरात गेले आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. खारट! चिंच चोखली तर कानशिलं आखडली. मला हसू आलं. चुलीपुढं एकटी उभी राहून मी चिंच चोखत हसत होते.

म्हणजे जीभ बरोबर होती. मी परत अंगणात आले. मल्लय्या उशिराची कावड घेऊन फाटकातून येत होता.

"ते मडकं इकडं द्या."

"अम्मा, हे ठेसनचं हाय."

"द्या म्हटलं ना."

मी मडक्यालाच तोंड लावलं. ती शिंदी होती. आत पाठवलेल्या तांब्यातली, तीच.

मल्लय्या लिंबाकडं बघायला लागला. मी विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "संक्रांतीपासून, अम्मा. चांगला माल ठेसनवर, हितं पानी अन साकरीन. धाकटे मालक बोलले, तुमाला सांगून करायलेत." भाऊजींची सगळी वाढ मला एका घोटात कळली. झाडं तेवढीच, दुकानं दोन, आणि मधला खड्डा आडाच्या पाण्यानं भरलेला.

अंगणातून दुकानात जायच्या दारातच मला दिसलं, आत्याबाईंनी त्याच रांजणातली घागर नेऊन पेले भरायला सुरुवातही केली होती. बाकावर चारसहा माणसं बसली होती. कडेला रामजीबाबा. यांच्या वडलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, रोज सकाळी एक पेला, त्याच्यावर कधी नाही.

मी त्यांच्यापुढं उभी राहिले. "बाबा, कशी हाय?"

"बरी हाय की."

"बाबा, खरं सांगा."

त्यांनी पेल्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "पानी हाय, बाई."

"तुमाला ठाव होतं?"

"समद्यायलाच ठाव हाय."

"मग बोलला का नाहीत?"

शेजारच्यांनी माना खाली घातल्या. मग म्हातारा म्हणाला, "काय बोलावं? तुमी रोज सकाळी म्हनायच्या, मेळ चांगला बसलाय. दिगंबर म्हनायचा तसंच. आमाला वाटलं, बाईला समदं ठाव हाय, लेकराच्या पोटापायी करायलीय. मानूस गेलंय घरातलं. करू द्या म्हनलं. औंदाच्या साली पानी पिऊ."

दोन महिने ही माणसं पैसे देऊन पाणी पीत होती, आणि मला लबाड समजून माफ करत होती. मी गप्प बसले असते तर लबाड ठरले असते, पण दुकान माझंच राहिलं असतं. खरं बोलले तर चाखणाऱ्या जिभेचं सोंग उघडं पडणार होतं. आणि भाऊजी न्याहारी उरकून, सायकल हातात धरून, त्याच वेळी दारात येऊन उभे राहिले होते. डबे बांधलेले, कान टवकारलेले.

मी त्यांच्याकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "बाबा, मला चवच लागत नव्हती. हे गेले तेव्हापासून. मीठसुद्धा कळत नव्हतं. रोज पहाटे मी खोटं चाखलं. आज कळलं मला, आज." आणखी काही बोलायचं होतं, पाण्याचं, ठेसनचं. पण 'हे गेले' हे दोन शब्द मी त्या दिवसापर्यंत तोंडातून कधी काढलेच नव्हते. ते निघाले आणि त्यांच्यामागून माझ्या पोटातून जो आवाज निघाला, तो मलाच ओळखू आला नाही. मी पदर तोंडात कोंबला तरी तो थांबेना.

शिंदीच्या दुकानात रडणारं माणूस नवं नसतं. रोज एखादा रडतोच, कोणाचा बैल मेलेला असतो, कोणाची बायको माहेरी गेलेली, कोणी उगीचही. त्याच्याकडं कोणी टक लावून बघत नाही, त्याला कोणी गप्प हो म्हणत नाही. माझ्याकडंही कोणी बघितलं नाही. रामजीबाबांनी आपला पेला उचलला आणि ते बाकावर जरासे सरकले. त्यांच्या पलीकडचा सरकला, त्याच्याही पलीकडचा सरकला, आणि मला बसायला जागा झाली.